हा दिवा माणसांसाठी नाही

३ ऑगस्ट

टाकीत पुन्हा शेवाळ. परवाच काच लख्ख पुसली होती, आणि आज लाल रोटाला या पाणवनस्पतीच्या शेंड्यांना हिरव्या केसांची झालर! खडकीच्या कारखान्यात सगळी नोकरी मी तपासणी विभागात काढली. केसभर वाकडा तुकडा माझ्या हाताखालून बाहेर गेला नाही. आणि आता चार फुटी काचेच्या टाकीत मला कोणी जुमानत नाही.

निवृत्तीनंतर लोक पेटी शिकतात, चारधाम करतात, नाहीतर सोसायटीचे चिटणीस होऊन इतरांचा जीव खातात. मी पाण्याखाली बाग केली. मासे आहेत, पण ते पाहुणे. घरची मंडळी म्हणजे झाडं. ऑक्टोबरात आमच्या छंदी मंडळाची स्पर्धा असते, परीक्षक घरी येऊन टाकी बघतात. गेल्या वर्षी पहिलं बक्षीस वारज्याच्या एका दंतवैद्याला मिळालं. त्याच्या टाकीत प्लास्टिकचा पूल होता. पूल! कोणासाठी? मासे काय चालत जाणार होते?

या वर्षी मी काही म्हणजे काही कमी ठेवलेलं नाही. ऊन लागलं की शेवाळ माजतं, म्हणून हॉलच्या खिडकीला जाड पडदा लावला. तसाही शेजारी चौदा मजले चढवल्यापासून आमचा उजेड बिल्डरच्या मालकीचा झालाय. टाकी उठून दिसावी म्हणून हॉलमधली ट्यूब काढून पिवळा मंद दिवा लावला. हेमा म्हणाली, "अहो, घर आहे की नाट्यगृह?" मी ते कौतुक समजून घेतलं.

५ ऑगस्ट

स्वारगेटजवळच्या चेतनच्या दुकानात जाऊन आलो. टाकी, झाडं, खत, सगळं त्याच्याकडचंच. शेवाळाचा फोटो बघून तो हसला. हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"काका, लाईट किती वेळ ऑन असतो?"

"सकाळी उठल्यापासून जेवण होईपर्यंत. रात्रीचं."

"मग शेवाळ काय, जंगल येईल! काका, झाडांना लाईट हवा तेवढाच द्यायचा. एक्स्ट्रा लाईट सगळा शेवाळ खातं. एक काम करा, सिएस्टा ट्राय करा. सकाळी दहा ते एक ऑन. एक ते चार टोटल ऑफ. मग चार ते आठ. दुपारी झाडं रेस्ट घेतात."

म्हणजे वामकुक्षी! हे मला कोणी आधी का सांगितलं नाही? एक ते चार सगळं पुणं झोपतं, आणि मी माझ्या झाडांना भर दुपारी जागं ठेवत होतो. अन्याय माझ्याकडूनच झाला. टायमर आणला, लावला. उद्यापासून शिस्त.

९ ऑगस्ट

हेमाचा दिवाळी अंकांचा हंगाम सुरू झाला. ती मुद्रितं तपासते, लग्नाच्या आधीपासून. आमच्या घरात दोघंही चुका शोधणारे. मी लोखंडातल्या, ती कागदावरच्या. अंकवाले म्हणतात, हेमाताईंच्या हातून गेलेल्या पानात चूक सापडली तर ती छापखान्याची. तिचं टेबल टाकीच्या शेजारी आहे, वर्षानुवर्षं तिथेच. टाकी नंतर आली, असं ती मला अधूनमधून ऐकवते.

आज फ्रीजच्या दारात कसलीशी चिमुकली बाटली सापडली, माझ्या खताच्या बाटलीची जागा अडवून. विचारलं तर म्हणे, "शालनची आहे, राहू द्या." शालन म्हणजे खालच्या मजल्यावरची, मच्छिंद्रची बायको. त्यांच्याकडे स्वतःचा फ्रीज नाही का? बाटली काढून माळ्यावर ठेवली. लोकांनी आपल्या वस्तू आपल्या घरी ठेवाव्यात.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला खाली उतरलो तर हेमाच्या स्कूटरची डावी बाजू पार खरवडलेली. पुढून मागपर्यंत! आमच्या शेजारी गाडी लावतो कोण? मच्छिंद्र. राष्ट्रगीत संपेपर्यंत थांबलो आणि मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ, माझी गाडी आठवडाभर गॅरेजला आहे." उत्तर तयारच होतं म्हणजे.

जिन्यात पाटी लावली: "ज्यांना दुसऱ्याच्या वाहनाशी सलगी करायची असेल त्यांनी आधी मालकाची परवानगी घ्यावी." हेमाने ती वाचली आणि काढून टाकली. "खांबाला घासली असेल," म्हणाली. खांब काय चालून आला? पण नवल म्हणजे, त्यानंतर तिने स्कूटरला हातच लावलेला नाही. भाजीलासुद्धा चालत जाते. म्हणते, चालणं बरं असतं. इतकी वर्षं मी हेच सांगत होतो तेव्हा माझं कोण ऐकत होतं?

२१ ऑगस्ट

चोर सापडला.

शेवाळ हटेना म्हणून चेतनला फोन केला होता. तो म्हणाला, "काका, टायमर बरोबर असेल तर घरातलंच कोणीतरी मधे लाईट लावतंय." मी त्याला चांगलं सुनावलं. माझ्या घरात? मग आज दुपारी वामकुक्षी मोडून अडीचला हॉलमध्ये आलो, तर टाकीचा दिवा ढणढणीत चालू आणि हेमा त्याच्या उजेडात प्रुफं पसरून बसलेली. खुर्ची इतकी पुढे ओढलेली की नाक काचेला लागेल.

"हेमा, झाडांची झोपायची वेळ आहे."

"झोपू दे की. मी त्यांच्याशी बोलत नाहीये."

"अगं, हॉलचा दिवा आहे ना?"

"तो पिवळा? त्याच्यात अक्षरं पोहतात, तुमच्या माशांसारखी. अहो, ती ट्यूब परत लावा ना."

ट्यूब लावली तर टाकीची शोभा जाते, हे मी किती वेळा सांगायचं? वाद नको म्हणून पाटी लिहिली आणि टाकीवर चिकटवली: "हा दिवा माणसांसाठी नाही. कृपया हात लावू नये."

तिने पाटी जवळ जाऊन वाचली. "अक्षर छान आहे," म्हणाली आणि प्रुफं उचलून स्वयंपाकघरात गेली. तिला वाईट वाटलं असेल तर वाटो. शिस्त म्हटली की कोणाला तरी वाईट वाटतंच.

२९ ऑगस्ट

गणपती बसले. हेमाचा धक्का लागून मखराचा डावा खांब पडला. मी दोन दिवस खपून केलेला! मधोमध ठेवलेलं मखर माणसाला दिसू नये? संध्याकाळी आरतीला मी तिच्या डावीकडून घंटा पुढे केली तर ती तशीच उभी. टाळ-झांजांच्या गजरात तीनदा हाक मारली तेव्हा वळून म्हणाली, "तुम्ही इथे आहात होय!" राग धरलाय म्हणून मुद्दाम करते, दुसरं काय. बायकांचा रुसवा पाटीपुरता असावा, बाप्पासमोर तरी नको.

६ सप्टेंबर

आज अवधूतचा फोन. हा एका दिवाळी अंकाचा संपादक, वयाने आमच्या मुलीएवढा. हेमा आंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला.

"काका, ताईंना बरं आहे ना? दोन लेखांत ओळीच्या ओळी सुटल्यात. ताईंकडून असं कधी होत नाही. यंदा उरलेलं काम दुसरीकडे देऊ का?"

मी त्याला म्हटलं, "तुमचा कागदच हलका आहे, शाई फिकी आहे, आणि तुमचे लेखक असं लिहितात की ओळी सुटल्या तर वाचकांवर उपकार होतील." फोन आपटला. हेमाला सांगितलं तेव्हा वाटलं, ती हसेल. तिने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला. मग म्हणाली, "त्याला सांगा, उरलेली पानं मीच करणार. माझ्याकडून ती काढून घ्यायची नाहीत."

माझ्या बायकोचं काम काढून घ्यायला निघाले! ती त्या कामाशिवाय जगूच शकत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

दुपारी टाकीचा दिवा पुन्हा चालू. आज बोललो नाही, पण लिहून ठेवतो.

१२ सप्टेंबर

चेतनकडून नवा प्लग आणला. मोबाइलवरून चालतो. दिवा चालू झाला की फोनला कळतं, आणि जगाच्या पाठीवर कुठूनही बोटाने बंद करता येतो. आता घरातली बंडखोरी बाहेरूनही मोडता येईल. हेमाला दाखवलं. ती म्हणाली, "वा. आता तुम्ही घरात नसलात तरी घरात असाल." या बोलण्यातही काहीतरी खोच होती, पण मी आनंदात होतो.

१६ सप्टेंबर

हे मेट्रोत लिहितोय. डायरी पिशवीत असतेच. खडकीला जुन्या सहकाऱ्यांचं जेवण होतं. श्रीखंड बरं होतं, भाषणं आंबट होती.

जेवणानंतर फोन वाजला. टाकीचा दिवा चालू! घड्याळात दोन वाजलेले. मी बंद केला. लगेच पुन्हा चालू. पुन्हा बंद केला. पुन्हा चालू! भोवती सगळे जमले, क्रिकेटची मॅच असल्यासारखे. मी प्रत्येक वेळी बंद करायचो आणि ते टाळ्या वाजवायचे. फक्त संपत, माझ्याच विभागातला, तो मख्ख. म्हणाला, "श्रीधर, घरी वहिनी एकट्या आहेत का?"

"आहे ना, तीच तर लावतेय."

"अरे मग त्यांना लागत असेल दिवा. इतक्या वेळा कोण उगाच लावतं?"

संपतला झाडांतलं काय कळतं? मी शेवटचं एकदा बंद केलं आणि वाट पाहिली. यावेळी दिवा बंदच राहिला. हरली! सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. आता स्वारगेट येईल. घरी जाऊन एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलंय. जिंकलेल्याने नम्र असावं.

१७ सप्टेंबर

दिवा बंद राहिला कारण लावणारी खाली पडली होती.

मी तिकडून शेवटचा अंधार केला आणि दिव्याचं बटण दाबायला ती पुन्हा उठली. टाकीचं पाणी बदलायचं स्टूल मी तिच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवलं होतं. ते तिला दिसलं नाही. डावं मनगट मोडलं. आवाज ऐकून शालन वहिनी वर आल्या, त्यांनीच रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. त्यांचा फोन मी का उचलला नाही? कारण फोनवर मी टाळ्या घेत होतो.

प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "एवढं मोठं स्टूल दिसलं नाही?" मी म्हणालो, "अंधार होता." तर दारात उभ्या शालन वहिनी माझ्यावर उखडल्या. लोणी काळभोरच्या, चिडल्या की गावाकडचं बोलतात.

"भाऊजी, त्यांना डाव्या अंगाचं दिसतच न्हाई! काचबिंदू हाय. आषाढात मीच नेलंवतं डोळ्याच्या डॉक्टरकडं. तुम्हास्नी ठावं न्हाई व्हय?"

नाही. मला ठाऊक नव्हतं. टाकीतल्या कोळंबीच्या मिशीला शेवाळ लागलं तर मला दिसतं.

२० सप्टेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आज मी बरोबर गेलो. त्यांनी सांगितलं: गेलं ते येत नाही, राहिलंय ते थेंबांनी राखायचं. थेंब रोज ठरल्या वेळी पडले पाहिजेत, बाटली फोडेपर्यंत थंड जागी राहिली पाहिजे. वाचताना भरपूर उजेड घ्या म्हणाले. त्यांनी टेबलावर ठेवलेली बाटली मी ओळखली. हीच ती, चिमुकली. माळ्यावर फेकलेली. तिने गुपचूप दुसरी आणली आणि शालन वहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवली. रोज रात्री "जरा खाली जाऊन येते" म्हणायची, ती थेंब घालायला. मला वाटायचं, दोघी माझी उणीदुणी काढतात. तेही करत असतील.

परतताना रिक्षात मी चिडलो. होय, मीच चिडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. "मला सांगायला काय झालं होतं? मी कोण, शेजारी?"

तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "सांगितलं असतं तर काय केलं असतंत? प्रुफं परत पाठवली असतीत. स्कूटरची किल्ली कपाटात बंद केली असतीत."

"मग? खांबाला धडकलीस ना?"

"धडकले. म्हणून त्याच दिवशी किल्ली मीच शालनकडे देऊन टाकली. मला कळतं, अहो. कुठे थांबायचं ते मला ठरवायचं होतं. तुम्ही तक्ता केला असतात. उठायचं कधी, वाचायचं कधी, डोळे मिटायचे कधी. तुम्ही माझाही टायमर लावला असतात."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला म्हटलं, "समोर बघून चालवा."

पण तिचं खरं होतं. मी तक्ता केलाच असता. रंगीत पेनांनी.

२२ सप्टेंबर

संताप जात नाही. बिल्डरवर नाही, मच्छिंद्रवर नाही, चेतनवर नाही. तपासणी विभाग म्हणे! खरवडलेली स्कूटर, पडलेलं मखर, सुटलेल्या ओळी, पोहणारी अक्षरं. सगळं माझ्याच हाताने या वहीत लिहिलंय, तारीखवार. आणि प्रत्येक वेळी मी ठपका दुसऱ्या कोणावर तरी ठेवला. घरातला उजेड मीच काढला, पडदा मीच लावला, आणि उरलेल्या एका दिव्यावर पाटी लावली की हा माणसांसाठी नाही. असला तपासनीस माझ्या हाताखाली असता तर मी त्याला फाटकावरूनच घरी पाठवला असता.

सकाळी पडदा काढला. ट्यूब लावली. मोबाइलवाला प्लग काढून मच्छिंद्रला देऊन आलो, पाटीबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, "भाऊ, पाटी वाचून आम्ही दोन दिवस हसत होतो." हसण्यासारखं काय होतं ते मला या वेळी कळलं.

हेमाला म्हटलं, तुझं टेबल खिडकीशी हलवू? ती म्हणाली, "नको. ट्यूब बरी आहे, पण टाकीचा उजेड सगळ्यात चांगला. पांढरा, स्थिर, आणि बरोबर कागदावर पडतो." मग आमचा करार झाला, तिने सांगितला तसा. थेंबांची वेळ माझ्याकडे, दिव्याचं बटण तिच्याकडे. मी मधे बोलायचं नाही.

"आणि अवधूतची पानं?" मी विचारलं.

"ओळीखाली पट्टी धरून वाचते आता. वेळ लागतो, पण ओळ सुटत नाही. ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी मीच त्याला फोन करीन. तुम्ही नाही."

अवधूतला मी एवढाच फोन केला की उशीर होईल, थांबायचं असेल तर थांबा. तो थांबतो म्हणाला. कागद हलका आहे हे मात्र त्याला पुन्हा सांगितलं, कारण तो आहेच.

८ ऑक्टोबर

परीक्षक आज येऊन गेले. गेल्या वर्षीचा विजेता म्हणून यंदा परीक्षक कोण? तोच वारज्याचा दंतवैद्य, पूलवाला!

दुपारचे तीन वाजले होते. टाकीचा दिवा चालू, हेमा त्याखाली पट्टी धरून शेवटच्या अंकाची शेवटची पानं वाचत बसलेली. टाकीबद्दल काय सांगू? काचेवर हिरवा थर, रोटाला शेवाळात बुडालेली, गवताची हिरवळ म्हणजे ओलं घोंगडं. मासे खुशीत होते. त्यांना कधीच काही फरक पडला नव्हता.

दंतवैद्य वाकून बघत राहिला, कोणाच्या तोंडात बघावं तसा. मग त्च् केलं. "दिवा किती तास असतो?"

"लागेल तितके," मी म्हणालो.

"म्हणजे? वेळापत्रक नाही?"

"आहे. ते आमच्या सौ. ठरवतात."

"श्रीधरराव, चांगली टाकी वाया घालवलीत तुम्ही. दुपारची विश्रांती दिली असतीत तर..."

आता माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, वाया काय गेलं आणि काय नाही, ते मला विचारू नका. आमच्या घरात दुपारी कोणी काम करत असतं. झाडं पुन्हा येतात. आणि ज्याच्या टाकीत प्लास्टिकचा पूल आहे त्याने मला विश्रांती शिकवू नये!"

तो चहा न घेता गेला. हेमा प्रुफात तोंड खुपसून हसत होती, खांदे हलत होते. मी तिच्या उजव्या हाताला जाऊन बसलो. हल्ली तिकडेच बसतो.

टाकीवरची जुनी पाटी अजून तशीच होती. फाडून टाकली आणि नवी लिहिली, जाड स्केचपेनाने, मोठ्या अक्षरांत: "हा दिवा हेमाचा आहे. झाडांनी जुळवून घ्यावे."

"अहो, झाडांना वाचता येत नाही," ती म्हणाली.

"तुला येतंय ना?"

तिने पाटी माझ्या हातातून घेतली, दिव्याखाली धरली, मान थोडी डावीकडे वळवली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. एकही शब्द सुटला नाही.